भिंतीपलीकडची हजेरी

आपल्या ग्रंथालयाच्या नव्या इमारतीचे काम दिवाळीनंतर सुरू झाले. एके दिवशी मराठीच्या तासाला नारायण सुर्वे यांची कविता चालू असताना खिडकीतून मुकादमाचा आवाज आला. घमेले उशिरा पोचले म्हणून एका बिगारी बाईला तो जे बोलला ते येथे छापता येणार नाही. मागच्या बाकांवर हशा पिकला. एकाने उठून खिडकी लावली आणि कामगारांची कविता पुढे सुरू झाली. खिडकी लावणारा मीच होतो, हे कबूल केलेले बरे.

त्या मुकादमाचे एक वाक्य पुढे आमच्या कँटीनमध्ये विनोद म्हणून रूढ झाले. बांधकामावर शिव्या चालायच्याच, ती माणसे तशीच बोलतात, असे आपण सहज म्हणून जातो. मला हे पटेनासे झाले आहे. शिव्या दोन्ही बाजूंनी असत्या तर तो त्या धंद्याचा रांगडेपणा मानता आला असता. पण मुकादम बोलतो आणि बिगारी ऐकतो. उलट झालेले मी तरी पाहिले नाही. गवंड्याशी मात्र तो सांभाळून बोलतो, कारण गवंडी थापी-ओळंबा उचलून दुसऱ्या कामावर निघून जाईल. म्हणजे जिभेला लगाम घालणे त्याला जमते!

मधल्या सुट्टीत मी एका बिगाऱ्याला विचारले, "तुम्ही उलट का बोलत नाही?" तो म्हणाला, "हजेरी त्याच्या वहीत हाय."

आमची हजेरी बुडाली तर फार तर प्राचार्यांपुढे उभे राहावे लागते. त्याचा पुरा दिवस अर्धा मांडला गेला तर बाजाराच्या दिवशी हातात तेवढे कमी पडते. त्यातून गाव सोडताना घेतलेली उचल मानेवर असते. ती फिटेपर्यंत काम सोडायचे कसे? नाक्यावरून येणाऱ्याला तर उद्या बोलावले नाही की झाली शिक्षा. कारणही सांगावे लागत नाही.

कायदा झाला नाही असे नाही. 1996 साली केंद्राने बांधकाम कामगारांसाठी कायदा केला, बांधकामाच्या खर्चावर उपकर बसवला. महाराष्ट्रात 2011 साली कल्याणकारी मंडळ स्थापन झाले. पण मंडळाकडे नोंदणी करायची तर मागील वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला हवा. ग्रामसेवक वा नगरपालिकेचा अधिकारीही तो देऊ शकतो. तरी पहिला हात पसरावा लागतो ठेकेदारापुढे, आणि तोही मुकादमाच्या मार्फत. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच मर्जीवर दाखला! त्या बाईला ऐकवलेल्यातले निम्मे तिच्या बाईपणावर होते. 2013 च्या कायद्याने तिला जिल्ह्याच्या समितीकडे तक्रार करता येते. हे तिला कोणी सांगितले असेल असे वाटत नाही. आपल्या आवारात तसा फलकही नाही.

लहान तोंडी मोठा घास घेतो, पण प्राध्यापकवर्गाने विचार करावा. ठेकेदाराची बिले महाविद्यालय चुकवते. कॉपी करणाऱ्यास काय शासन, हे आपण माहितीपुस्तकात छापतो. मग कामगारास शिवीगाळ होऊ नये, हजेरी रोज त्याला दाखवावी, दाखला मागताच द्यावा, एवढे ठेकेदाराला लेखी कळवायला काय हरकत आहे? राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांनी एक रविवार भिंतीपलीकडे बसून नोंदणीचे अर्ज भरून द्यावेत. मी येईन. हा अंक हाती पडेपर्यंत दुसऱ्या मजल्याचा स्लॅब झालेला असेल. मग तिसरा, आणि त्यानंतर ही माणसे दुसऱ्या गावी निघून जातील.