विजेचा खांब गावाला, कनेक्शन कोणाला?

28 एप्रिल 2018 रोजी मणिपूरमधल्या लेइसांग गावात वीज पोहोचली आणि देशातल्या सर्व गावांत वीज आली, असे केंद्र सरकारने जाहीर केले. ही घोषणा खोटी नव्हती. खोट होती ती गाव मोजण्याच्या पद्धतीत.

2004 पासून लागू असलेल्या व्याख्येनुसार गावात ट्रान्सफॉर्मर आणि तारा आल्या, शाळा, पंचायत, दवाखाना अशा सार्वजनिक ठिकाणी वीज मिळाली आणि 10 टक्के घरांत कनेक्शन झाले, की ते गाव विद्युतीकरण झालेले ठरते. म्हणजे शंभर घरांच्या गावात नव्वद घरे अंधारात असली तरी सरकारी हिशेबात गाव उजेडात! 1997 पर्यंत तर याहून कमाल होती. गावाच्या महसुली हद्दीत कोणत्याही कामासाठी वीज वापरली गेली तरी पुरे होते. एका बागायतदाराच्या विहिरीवर मोटर चालली की अख्खे गाव यादीत. 2004 च्या व्याख्येत तारा दलित वस्तीपर्यंतही गेल्या पाहिजेत, असे वेगळे लिहावे लागले. हे का लिहावे लागले, ते आपल्याला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

आकडेही तेच सांगतात. 2011 च्या जनगणनेत देशातली सुमारे 67 टक्के घरे उजेडासाठी वीज वापरत होती. अनुसूचित जातींच्या घरांत हे प्रमाण सुमारे 59 टक्के, तर अनुसूचित जमातींच्या घरांत सुमारे 52 टक्के होते. गाव एकच, खांबही तेच, मग हा फरक कुठून आला?

4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी गावाला राज्यघटनेचे एकक मानायला स्पष्ट नकार दिला आणि व्यक्तीला एकक मानल्याबद्दल समाधान व्यक्त केले. गाव हे एकसंध कुटुंब नसून जातींची उतरंड आहे, हे त्यांनी भोगले होते. वीज क्षेत्राने मात्र पुढची अनेक दशके गावच मोजले. घर मोजायला खऱ्या अर्थाने सुरुवात झाली ती सप्टेंबर 2017 च्या सौभाग्य योजनेपासून.

विजेचा प्रश्न बाबासाहेबांना नवा नव्हता. 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूर मंत्री होते आणि वीज हा विषय त्यांच्याच खात्यात होता. 1944 मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले, तेही याच खात्यात. वीज स्वस्त आणि मुबलक असल्याशिवाय उद्योग उभे राहणार नाहीत आणि उद्योगांशिवाय गरिबीच्या फेऱ्यातून सुटका नाही, अशी त्यांची मांडणी होती. वीज सरकारच्या मालकीची असावी की खासगी, हा प्रश्नही त्यांनी तेव्हाच पुढे ठेवला. आज "सुधारणा" हा शब्द ऐकला की आपणही हेच विचारले पाहिजे: ही सुधारणा कोणासाठी?

2003 च्या वीज कायद्याने वीज मंडळांचे विभाजन केले. महाराष्ट्रात 2005 मध्ये मंडळाच्या जागी कंपन्या आल्या. याच कायद्याने मोठ्या ग्राहकांना बाहेरून वीज घेण्याची मुभा दिली. मोठा ग्राहक जास्त दर भरतो, म्हणून लहान ग्राहकाला वीज स्वस्त मिळते. तो निघून गेला तर हा भार शेवटी कमी युनिट वापरणाऱ्यांवरच येणार.

काही जण म्हणतील, कंपन्या तोट्यात आहेत, फुकट किती देणार? तोटा खरा आहे. पण सवलत कोणाला मिळते तेही पाहा. 2024 मध्ये राज्य सरकारने 7.5 अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज दिली. कोरडवाहू शेतकऱ्याच्या हलाखीत त्याला मदत मिळावी, याला आपला विरोध नाही. पण ज्याच्याकडे जमीनच नाही, त्याच्याकडे पंप कुठून येणार? भूमिहीन मजुराच्या दोन दिव्यांचे आणि एका पंख्याचे बिल थकले की वायरमन लगेच दारात उभा राहतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर जीवन प्रकाश योजनेत आपल्या घरांना 500 रुपये अनामत रकमेवर, तीही पाच हप्त्यांत, कनेक्शन देऊ केले. पण जुनी थकबाकी नसावी, ही अट होतीच. म्हणजे ज्याची वीज गरिबीमुळे तुटली, तोच बाहेर.

प्रीपेड मीटरकडेही असेच पाहिले पाहिजे. आजच्या कायद्यात बिल थकले तरी वीज तोडण्याआधी पूर्ण 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. प्रीपेड मीटरमध्ये पैसे संपले की वीज जाते. रोजंदारीवर जगणाऱ्या घराचे ते 15 दिवस हिरावले जातात. लोकांच्या विरोधानंतर सामान्य ग्राहकांना असे मीटर लावणार नाही, असे राज्य सरकारला 2024 मध्ये जाहीर करावे लागले. संघटित आवाज उठला की फरक पडतो, तो असा.

म्हणून कार्यकर्त्यांनो, आधी कायदा हातात घ्या, म्हणजे वाचा! कलम 43 नुसार कनेक्शन मागण्याचा हक्क जागेच्या मालकाला आहे, तसाच भोगवटादारालाही आहे. गायरानावर राहणाऱ्या आपल्या माणसाला "उतारा आणा" म्हणून परत पाठवले जाते, तेव्हा हे कलम दाखवा. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. मुदतीत वीज न दिल्यास कंपनीला दिवसाला 1,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दाद मिळाली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्याच्यावर विद्युत लोकपाल आहे.

दुसरे काम वस्तीत करा. एक वही घ्या आणि घरागणिक नोंद करा: कनेक्शन आहे का, कोणाच्या नावावर आहे, थकबाकी किती, वीज दिवसाला किती तास असते, ट्रान्सफॉर्मर जळाल्यावर किती दिवसांनी बदलला. गावठाणाचा किती दिवसांत बदलला, तेही शेजारी लिहा. ही वही ग्रामसभेत मांडा आणि वीज कार्यालयात द्या. सरकारने गाव मोजले, आपण घर मोजू.

जय भीम!