रक्ताचा डाग आणि थंड पाणी

दिवाळी सरली की घरोघरी माळ्यावरच्या पेट्या उघडतात आणि रजया, दुलया, गोधड्या उन्हात येतात. त्या वेळी एखाद्या रजईच्या कडेला तपकिरी, कडक झालेला डाग सापडतो. तो गेल्या हिवाळ्यातला असतो. कोणाचा, केव्हाचा, हे आता कोणालाच सांगता येत नाही. गृहिणी गिझरचे कढत पाणी बादलीत सोडते, त्यात साबणाची पूड ओतते, ते टोक बुडवून ठेवते आणि अर्ध्या तासाने पाहते, तर डाग पूर्वीपेक्षा पक्का झालेला असतो. दोष साबणाला दिला जातो. वस्तुतः दोष कढत पाण्याचा असतो.

तेलातुपाच्या डागाला गरम पाणी लागते, हे स्वयंपाकघरात वावरणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक असते आणि तीच सवय रक्ताच्या डागालाही लावली जाते. परंतु रक्त हा प्रामुख्याने प्रथिनांचा पदार्थ आहे. उष्णता लागली की प्रथिने आपले रूप बदलतात, साकळतात आणि ज्या पृष्ठभागावर असतील त्याला घट्ट धरतात. दूध गॅसवर विसरले की पातेल्याच्या तळाशी जो थर लागतो, तो नुसत्या पाण्याने निघत नाही. तेच दूध तापण्यापूर्वी सांडले असते तर ओल्या फडक्याने पुसले गेले असते. कापसाच्या धाग्यात शिरलेल्या रक्ताची हीच गत होते. गरम पाणी, इस्त्री, कपडे वाळवण्याच्या यंत्रातील उष्ण हवा, या तिन्ही गोष्टी डाग पूर्ण निघेपर्यंत वर्ज्य समजाव्यात. बर्फाच्या पाण्याची मात्र गरज नाही. नळाचे साधे किंवा माठातले पाणी पुरते.

दुसरा शत्रू काळ. रक्ताचा लाल रंग हिमोग्लोबिनचा असतो आणि त्याच्या प्रत्येक रेणूत लोहाचे 4 अणू असतात. हवेतील प्राणवायूच्या संपर्काने हे हिमोग्लोबिन हळूहळू बदलते, लाल रंग जाऊन तपकिरी येतो आणि विरघळण्याचा गुण कमी होत जातो. ओला डाग थंड पाण्याच्या धारेखाली उलट बाजूने धरला तर बहुतांशी पाच-दहा मिनिटांत निघून जातो. तोच वाळला तर रात्रभर भिजवावा लागतो आणि महिनाभर राहिला तर रसायनांची मदत घ्यावी लागते. बँकेत थकलेला पहिला हप्ता वसूल करण्यास एक पत्र पुरते आणि वर्षभराने कोर्टाची पायरी चढावी लागते, तसाच हा हिशेब आहे.

डाग वाळण्याचे खरे कारण बहुतेक घरांत आळस हे नसते. घरातील तेरा-चौदा वर्षांची मुलगी सकाळी उठते, चादरीवर डाग पाहते, चादरीची घडी डाग आत राहील अशी घालते आणि कपाटाच्या तळाशी ढकलते. आईला सांगण्याची लाज, भावाने पाहू नये ही धास्ती, कामवाली काय म्हणेल ही शंका. दोन दिवसांनी चादर सापडते तोवर डाग पक्का झालेला असतो आणि मग बोलणी मुलीला बसतात. ज्या आईने मुलीची पहिली पाळी येण्यापूर्वीच तिला शांतपणे सांगून ठेवले आहे की असे होते, डाग पडला तर लगेच थंड पाण्यात टाक आणि मला सांग, तिच्या घरी हा प्रसंग येत नाही. ज्या घरांत या दिवसांचे वेगळे नियम पाळले जातात, तेथेही एक बादली, मग आणि साबणाची वडी मुलीच्या हाताशी ठेवता येते. त्या तीन वस्तू तिला कोणाकडे मागाव्या लागू नयेत. डाग गेला नाही तरी चादरच गेली. मुलीला ओशाळे वाटू लागले तर ते चादरीपेक्षा पुष्कळ महाग पडते.

धुण्याची रीत अवघड नाही. सुती चादर, उशीचा अभ्रा किंवा परकर असेल, तर प्रथम डागाच्या मागच्या बाजूने थंड पाणी सोडावे, म्हणजे रक्त ज्या वाटेने आले त्याच वाटेने परत जाते. पुढून पाणी मारल्यास ते धाग्यात अधिक खोल शिरते. चोळण्याची घाई करू नये. नंतर तांब्याभर थंड पाण्यात दोन चमचे मीठ विरघळवून त्यात डागाचा भाग अर्धा तास बुडवावा, पाणी लालसर झाले की बदलावे. रक्तातील काही प्रथिने नुसत्या पाण्यापेक्षा सौम्य खारट पाण्यात अधिक सहज विरघळतात, म्हणून मिठाची ही जुनी युक्ती खरी आहे. अखेरीस कपड्यांच्या साबणाची वडी लावून हलक्या हाताने चोळावे व खळबळावे. डाग दिसेनासा झाल्यावरच कपडा नेहमीच्या धुण्यात टाकावा. धुणे कामवाल्या बाईंच्या हाती असेल तर रबरी हातमोजे त्यांना दिलेच पाहिजेत. हेपटायटिस-बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान 7 दिवस टिकू शकतो आणि हाताला चीर पडलेल्या बाईला तो धोका आपण नकळत देत असतो.

शिंपीकाम करणाऱ्यांत आणखी एक युक्ती चालते. सुई टोचून पांढऱ्या कापडावर थेंब पडला की दोऱ्याचा तुकडा तोंडात ओला करून त्याने तो थेंब टिपतात. लाळेतील विकर रक्त खाऊन टाकते, असे त्याचे कारण सांगितले जाते, पण ते बरोबर नाही. लाळेतले प्रमुख विकर पिष्टमय पदार्थ फोडते, प्रथिने नव्हे. तेथे काम होते ते ओलाव्याचे आणि तत्परतेचे. तेव्हा पूजेच्या वस्त्रावर किंवा गिऱ्हाइकाच्या कापडावर उष्टा दोरा लावण्याचे कारण नाही. कात्री-सुईच्या डब्याजवळ पाण्याची लहान वाटी ठेवली की झाले. तयार कपड्यांचा ज्यांचा व्यापार आहे त्यांनी ही वाटी आपल्या कारागिरांजवळ अवश्य ठेवावी, कारण शिवून झालेला सदरा इस्त्रीखाली गेला की एका थेंबापायी तो माल हलक्या भावात काढावा लागतो.

रजईचा प्रश्न निराळा. चादर पिळता येते, रजई पिळता येत नाही. पिंजारी कापूस पिंजून भरतो त्या रजईत पाणी शिरले की कापसाचे गोळे होतात, आतला ओलावा दिवसचे दिवस वाळत नाही आणि कुबट वास धरतो. म्हणून अख्खी रजई कधीही भिजवू नये. डागाजवळची शिवण चार बोटे उसवावी, आतला कापूस हाताने मागे सारावा आणि त्या पोकळीत जुन्या पंचाची जाड घडी सरकवावी. आता डाग असलेले कापड कापसापासून सुटे झाले. थंड खारट पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या फडक्याने डाग वरून दाबून टिपावा, फडक्याची जागा बदलत राहावे आणि आतली घडीही बदलावी. हे काम तासभर चालते. त्याला धीर लागतो, बळ नव्हे. रक्त कापसापर्यंत पोहोचले असेल तर तेवढा मूठभर कापूस काढून टाकून नवा भरणे सर्वांत शहाणपणाचे, कारण कापसाची मूठ रजईपेक्षा स्वस्त असते. नंतर उसवलेला भाग उघडा ठेवूनच रजई सावलीत, वाऱ्यावर वाळवावी व मग शिवावी.

उसवणे शक्य नसेल, म्हणजे रजईवर दाट टाके असतील, तर मक्याच्या पिठाचा थंड पाण्यात कालवलेला दाट लेप डागावर पसरावा आणि तो वाळू द्यावा. वाळताना लेप ओलाव्याबरोबर रक्ताचा काही अंश वर ओढून घेतो. कोरडा झाल्यावर ब्रशने झाडून पुन्हा लावावा. ताज्या डागावर याचा गुण येतो, जुन्यावर फारसा येत नाही.

सांगानेर किंवा बगरूच्या हातछपाईच्या जयपुरी रजया आपल्या घरांत लग्नाच्या आहेरात येतात. त्यांच्यावर कोणतेही औषध लावण्यापूर्वी आतल्या बाजूच्या कोपऱ्यावर ओले पांढरे फडके मिनिटभर दाबून पाहावे. फडक्यावर रंग उतरला तर साध्या पाण्यापलीकडे जाऊ नये. गोधडी मात्र धुता येते, कारण तिच्यात सुटा कापूस नसून जुन्या लुगड्यांचे थर धावदोऱ्याने एकत्र टाचलेले असतात. पण रक्त त्या सगळ्या थरांतून झिरपते, म्हणून ती मोठ्या घमेल्यात थंड पाण्यात पूर्ण बुडवून, दोन-तीनदा पाणी बदलून काढावी लागते. भिजलेली गोधडी अतिशय जड होते. ती एका टोकाला धरून उचलली किंवा एकाच दोरीवर टाकली तर आजीच्या हातचे टाके तटातट तुटतात. दोघांनी दोन्ही बाजूंनी उचलून ती खाटेवर पसरावी.

थंड पाण्याने न निघालेल्या डागाला दोन उपाय उरतात. पहिला हायड्रोजन पेरॉक्साइड. औषधांच्या दुकानात ते बहुधा 20 व्हॉल्यूम, म्हणजे सुमारे 6 टक्के तीव्रतेचे मिळते. त्यात तितकेच पाणी घालून ते 3 टक्क्यांवर आणावे आणि थेंब थेंब डागावर सोडावे. लगेच पांढरा फेस येतो. रक्तातील कॅटलेज नावाचे विकर पेरॉक्साइडचे पाणी व प्राणवायू असे विघटन करते, त्याचा तो फेस असतो. पाच मिनिटांनी टिपून थंड पाण्याने धुवावे आणि गरज पडल्यास पुन्हा करावे. हे पांढऱ्या किंवा पक्क्या रंगाच्या सुती कापडापुरतेच. रंगीत कापडाचा रंग त्याने उडू शकतो. क्लोरीनच्या ब्लीचचा मोह टाळावा. त्याने डाग जाण्याऐवजी पिवळा पडून बसतो, आणि अ‍ॅसिड किंवा अमोनियाशी ते मिसळले तर विषारी वायू निर्माण होतो. सगळे करूनही गंजासारखी पिवळसर छटा राहिली तर ती लोहाची असते. तिच्यावर लिंबाचा रस व मीठ लावून, थोड्या वेळाने भरपूर पाण्याने धुवावे.

दुसरा उपाय विकरयुक्त धुण्याच्या पावडरीचा. डागाचा बहुतेक भाग थंड पाण्याने निघाल्यावर उरलेल्या छटेसाठी कोमट पाण्यात या पावडरीत कपडा काही तास ठेवावा. त्यातील विकरे प्रथिनांचे तुकडे करतात. या विकरांच्या उगमाबद्दल आपल्या समाजात प्रश्न विचारला जातो आणि तो योग्यच आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ ओटो रोम यांनी 1913 मध्ये अशा धुलाईचे पहिले पेटंट घेतले, तेव्हा विकर जनावरांच्या स्वादुपिंडातून काढलेले होते. आजच्या पावडरीतील प्रथिनभंजक विकरे बॅसिलस जातीच्या जिवाणूंपासून आंबवण्याच्या पद्धतीने तयार होतात. त्यांत कत्तलखान्याचा संबंध उरलेला नाही. जिवाणूंचा प्रश्न ज्याने त्याने आपल्या विवेकाने ठरवावा. ज्यांना ते नको, त्यांना थंड पाणी, मीठ आणि साबणाची वडी यांवरही बहुतेक निभावता येते.

हे सर्व झाले धुण्याचे. पण धुण्यास घेण्यापूर्वी डाग एकदा नीट पाहावा, कारण तो काही सांगत असतो. घरातील वृद्ध माणसे डाग लपवण्यात लहान मुलींच्याही पुढे असतात. सुनेला त्रास नको म्हणून आजोबा उशीचा अभ्रा उलटा घालतात. त्यांना हृदयविकारासाठी रक्त पातळ ठेवणारे औषध चालू असेल आणि अभ्र्यावर वारंवार नाकाचे किंवा हिरड्यांचे रक्त दिसत असेल, तर ते डॉक्टरांना त्याच आठवड्यात कळले पाहिजे. औषध मात्र आपल्या मनाने बंद करू नये. मधुमेह्याच्या अंथरुणात पायथ्याशी डाग दिसला तर तळपाय उजेडात तपासावेत. अशा रुग्णांच्या पायांची संवेदना कमी झालेली असते आणि जखम झाल्याचे त्यांना स्वतःला कळतही नाही. कित्येकदा चादरीलाच ते आधी कळते. आणि पाळी जाऊन वर्ष उलटून गेलेल्या स्त्रीच्या कपड्यांवर एकदाही डाग दिसला, अगदी पुसटसा दिसला, तरी तो अंगावरून गेले म्हणून सोडून देण्याजोगा नाही. त्याची तपासणी स्त्रीरोगतज्ज्ञांकडून करून घ्यावीच. बहुतेक वेळा कारण साधे निघते, पण गर्भाशयाच्या कर्करोगाची पहिली खूणही हीच असते, आणि वेळीच सापडल्यास तो बरा होण्याची शक्यता मोठी असते. आपल्या घरांतील पुष्कळ स्त्रिया हे कपडे पहाटे सर्वांच्या आधी धुऊन टाकतात, आणि ते इतके स्वच्छ धुतात की कोणालाच काही कळत नाही.

राहता राहिले रेशीम आणि लोकर. ही दोन्ही वस्त्रे स्वतःच प्रथिनांची बनलेली, म्हणून विकरयुक्त पावडर त्यांना लावू नये; ती डागाबरोबर धागाही पोखरते. पैठणीच्या पदराजवळ मीठही नको, कारण त्याने जर काळवंडते. साध्या थंड पाण्याच्या फडक्याने टिपून वस्त्र ड्रायक्लीनरकडे द्यावे. मात्र नुसते देऊन येऊ नये. ड्रायक्लीनिंगच्या द्रवात रक्त विरघळत नाही, त्यामुळे तो डाग आधी हाताने वेगळा काढावा लागतो. ते न करता वाफेची इस्त्री फिरली तर पुढे कोणालाच काही करता येत नाही. डागाभोवती पांढऱ्या दोऱ्याचा एक सैल टाका घालून खूण करावी आणि काउंटरवर पावती फाडण्यापूर्वी स्पष्ट सांगावे, की हे रक्त आहे, डाग निघेपर्यंत वाफ देऊ नका.