गोळी गिळली, की गालात दडवली?

घरात चार किलोचा पॉमेरेनियन असो नाहीतर चपट्या नाकाचा पग, गोळ्यांच्या पाकिटाचा आवाज झाला की स्वारी पलंगाखाली गेलीच म्हणून समजा! मग बाबा केरसुणीने ढोसणार, आई ‘ये रे बाळा’ म्हणत बिस्किट दाखवणार, मुले हसून लोळणार आणि दुसऱ्या दिवशी केर काढताना सोफ्यामागे ओली गोळी सापडणार. दृश्य गमतीचे खरे, पण औषध पोटात न जाण्याचे परिणाम मात्र गमतीचे नसतात.

गोचीडतापाचेच उदाहरण घ्या. आपल्या उष्ण हवेत गोचिडांमुळे हा आजार कुत्र्यांमध्ये सर्रास आढळतो. त्यावर डॉक्सिसायक्लिन हे औषध साधारणपणे २८ दिवस द्यावे लागते. दोन-चार दिवसांत ताप उतरतो, कुत्रा जेवू लागतो आणि घरचे म्हणतात, ‘‘झाला की बरा! आता कशाला रोज छळायचे त्याला?’’ येथेच घात होतो. जंतू अंगात दबा धरून बसतात आणि आजार उलटू शकतो. मग नाकातून रक्त येण्यापर्यंतही मजल जाते. म्हणूनच रोजची झटापट टाळून औषध कसे द्यायचे, हे शिकून घेतलेले बरे.

आधी युक्ती, मग शक्ती

गोळी खाण्यातून देता येते का, हे प्रथम डॉक्टरांना विचारा. चालत असेल तर उकडलेल्या रताळ्याच्या, भाताच्या किंवा खिम्याच्या तीन लहान गोळ्या वळा. पहिली नुसतीच द्या. दुसरीत औषध लपवा आणि ती तोंडात जाताच तिसरी नाकासमोर धरा. तिसरीच्या हावेपायी दुसरी न चावता गिळली जाते. जेवणापूर्वी, भूक लागलेली असताना हा प्रयोग हमखास साधतो.

मात्र डॉक्सिसायक्लिन दूध, दही किंवा पनीरमधून देऊ नका. त्यांतील कॅल्शिअममुळे औषध अंगात कमी शोषले जाते. चॉकलेट, मनुका आणि कांदा तर कुत्र्यांना विषारीच! तसेच डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी कुटू नका की कॅप्सूल उघडू नका. काही गोळ्यांवरचे आवरण औषध पोटात ठरावीक जागी विरघळावे म्हणूनच असते. शिवाय कडू भुकटी जिभेला लागली की तोंडाला फेस येतो आणि पुढच्या वेळी रताळ्यावरचाही त्याचा विश्वास उडतो.

वळवळ करणाऱ्याला धरायचे कसे?

लहान कुत्र्याला घट्ट आवळले की तो अधिकच बिथरतो. त्याला टेबलावर जाड सतरंजी घालून बसवा, म्हणजे पाय घसरणार नाहीत. त्याची पाठ तुमच्या पोटाशी टेकलेली असावी. फारच वळवळला तर मान मोकळी ठेवून अंगाभोवती टॉवेल गुंडाळा. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना मुळातच श्वासाचा त्रास असतो. त्यांना टॉवेल सैलच हवा आणि धाप लागली तर लगेच सोडून द्या.

आता डाव्या हाताने वरचा जबडा सुळ्यांच्या मागे अलगद धरा आणि डोके किंचित वर करा. खालचा जबडा आपोआप सैल पडतो. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांत गोळी धरा, मधल्या बोटाने खालचे पुढचे दात हलकेच दाबा आणि गोळी जिभेच्या अगदी मागच्या भागावर, मधोमध ठेवा. जिभेच्या टोकावर ठेवलेली गोळी परत बाहेर येते. लगेच तोंड मिटून डोके सरळ करा आणि गळ्यावरून हळुवार हात फिरवा. त्याने जीभ काढून नाक चाटले, की बहुधा गोळी गेली! त्यानंतर थोडे पाणी किंवा अन्नाचा घास अवश्य द्या. काही गोळ्या अन्ननलिकेत अडकल्यास तिथे जखम होते.

पातळ औषध सुई काढलेल्या सिरिंजने गालाच्या बाजूने, दातांमागच्या पोकळीत, थोडे थोडे सोडा. डोके मागे झुकवून घशात ओतू नका. औषध श्वासनलिकेत गेले तर न्यूमोनिया होण्याची भीती असते.

एवढे लक्षात ठेवा

* औषध दिल्यावर कुत्र्याने उलटी केली किंवा एखादी वेळ चुकली, तर मनानेच दुप्पट मात्रा देऊ नका. डॉक्टरांना विचारा.

* घरातली तापाची किंवा अंगदुखीची गोळी कुत्र्याला कधीही देऊ नका. आयबुप्रोफेनने जठरात व्रण होतात व मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, तर पॅरासिटामॉल यकृतावर आघात करते. माणसासाठी बनवलेली पूर्ण गोळी चार किलोच्या जिवाला किती भारी पडेल, याचा विचार करा.

* हे काम लहान मुलांवर सोपवू नका. दात लागलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन लगेच आपल्या डॉक्टरांकडे जा. ‘घरचाच तर आहे’ म्हणून रेबीजच्या बाबतीत गाफील राहू नये.

* औषधानंतर दोन मिनिटे कुरवाळा, आवडता चेंडू खेळा. आणि एरवीही अधूनमधून, औषध नसताना, त्याला टेबलावर बसवून तोंडाला हात लावा आणि खाऊ द्या. म्हणजे तुमचा हात जवळ आला की दर वेळी कडू गोळीच येते, असे त्याला वाटणार नाही.

आपले दुखणे त्याला सांगता येत नाही आणि गोळी कशासाठी आहे हे आपल्याला त्याला पटवता येत नाही. तेव्हा शांत आवाज, स्थिर हात आणि कॅलेंडरवर रोज न चुकता केलेली खूण, एवढे मात्र आपल्याला नक्कीच जमण्यासारखे आहे.