जरा अ‍ॅडजस्ट करा!

पुण्याकडे जाणारी लोकल घोरावाडीला जेमतेम मिनिटभर थांबते. तेवढ्यात बायकांच्या डब्यात एक वाक्य हमखास कानावर पडतं, "ताई, जरा अ‍ॅडजस्ट करा ना!" तिघींच्या बाकावर चौथी टेकते. कोणी पिशवी मांडीवर घेते, कोणी पोराला. आकुर्डी-चिंचवडला कोणी उतरलं की बाकीच्या पुन्हा ऐसपैस बसतात. या अ‍ॅडजस्ट करण्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती घरातल्या अ‍ॅडजस्ट करण्याबद्दल. लग्नानंतर आईने मला तेच सांगितलं. सांगायला लाज वाटते, पण माहेरी परत आलेल्या भाचीला मीही तेच सांगितलं. ती म्हणाली, "मावशी, आणि तो काय अ‍ॅडजस्ट करणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

इंग्रजीत आरसा, घड्याळ, खुर्ची अ‍ॅडजस्ट करतात, म्हणजे किंचित सरकवून नीट बसवतात. माणूसही करतो, पण कशाशी ते बहुधा वाक्यातच येतं. मराठीत आपण त्याला 'करणे' जोडलं आणि कशाशी, किती, कधीपर्यंत, हे सगळं गळून पडलं. आपलं जुनं 'एकमेकांशी जुळवून घेणं' बरं, त्यात निदान 'एकमेक' तरी होते!

हे किंचित सरकणं किती असतं? २०२४ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात, बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो, तर असं काम करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटं. मारहाणच नव्हे, तर अपमान करणं, शिवीगाळ करणं, खर्चाला पैसे न देणं, यालाही २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने हिंसा म्हटलं आहे. घरात मात्र अजून त्याला 'थोडं अ‍ॅडजस्ट कर' हेच उत्तर मिळतं. कायद्याने ज्याला नाव दिलं, ते आपण या एका शब्दाखाली झाकतो.

लोकलमध्ये सगळ्याच जणी सरकतात, थोड्या वेळापुरत्या सरकतात, आणि जागा परत मिळते. घरात एकटीच सरकते, सरकत सरकत बाकाच्या कडेला येते, आणि तिचं स्टेशन काही येत नाही.

मैत्रिणींनो, हा शब्द हद्दपार करा असं मी म्हणत नाही. पण यापुढे कोणी तो उच्चारला, तर लगेच विचारू या: कोणी? कशासाठी? किती दिवस? आणि लेकीबाळींना तो सांगण्याआधी हे तीन प्रश्न आपणच आपल्याला विचारू या.