नखुल्यांची बहीण मॅकरोनी



पैठण रस्त्यावरच्या बिडकीनहून आठवीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. आई-बाबा दोघंही कामाला जातात, त्यामुळे संध्याकाळी धाकट्या भावाच्या खाण्याचं हीच बघते. त्याला हवी टीव्हीत दिसते तशी चीज घातलेली मॅकरोनी. आजीनं काही करून दिलं, की म्हणतो, "असलं गावठी नको!" आजी काही बोलत नाही, पण तिचा चेहरा उतरतो. "आमच्याकडे ओव्हन नाही. घरी मॅकरोनी जमेल का?" असं तिनं विचारलंय.

जमेल की! ओव्हन मुळीच लागत नाही. आणि आजीचंही बघू या.

आधी सांगा, मॅकरोनी म्हणजे काय? गव्हाचा रवा घट्ट भिजवायचा, त्याला आकार द्यायचा आणि वाळवायचा. मग आजीचा वळवट तरी काय वेगळा? शेवया, गव्हले, नखुल्या, मालत्या, सगळं तसंच! इटलीत यासाठी डुरम नावाचा कडक गहू वापरतात. आपला बन्सी गहू त्याच जातीचा, बरं का.

साहित्य (तिघांसाठी) : मॅकरोनी २ वाट्या, दूध २ वाट्या, लोणी दीड मोठा चमचा, कणीक दीड मोठा चमचा, चीजचे ३ क्यूब किसून, मीठ, मिरपूड.

कृती : मोठ्या पातेल्यात साधारण दीड लिटर पाणी उकळा. त्यात चमचाभर मीठ आणि मॅकरोनी घाला. पाकिटावर दिलेला वेळ संपत आला, की एक चाखून बघा. मऊ हवी, पण गिचका नको. उकळतं पातेलं ओतायला मुळीच जायचं नाही! मोठं कुणी जवळ असू द्या आणि मॅकरोनी झाऱ्यानं उपसून ताटात काढा. वाटीभर पाणी बाजूला ठेवा.

आता कढईत मंद आचेवर लोणी वितळवा. त्यात कणीक घालून दोन मिनिटं परता. मग गार दूध थोडं थोडं घालत सारखं ढवळा. एकदम ओतलंत, की गुठळ्या झाल्याच म्हणून समजा. मिश्रण चमच्याच्या पाठीला चिकटू लागलं, की गॅस बंद करा आणि मगच चीज घाला. फार तापवलं तर चीजमधलं तूप सुटतं आणि त्याचा गोळा होतो. शेवटी मॅकरोनी मिसळा. चव बघून मीठ घाला, कारण चीज खारट असतं. वर मिरपूड टाका. फार घट्ट वाटलं, तर बाजूला ठेवलेलं पाणी घाला.

चीजऐवजी पनीर चालेल का? खायला चालेल, पण ते वितळणार नाही.

दुधात कणीक कशाला, असं वाटलं ना? आजीला विचारा, ती कढीच्या ताकाला बेसन का लावते. ताक फुटू नये म्हणून! पिठातला स्टार्च गरम झाला की फुगतो आणि सगळं धरून ठेवतो. इथेही पीठ तेच काम करतं.

आणि हा काही श्रीमंतांचा पदार्थ नाही. अमेरिकेत १९३७ साली मंदीच्या दिवसांत याचं तयार खोकं बाजारात आलं. १९ सेंटमध्ये चौघांचं जेवण व्हायचं. म्हणून तर ते घरोघरी पोचलं.

आता भावासाठी एक काम. रविवारी त्याला आजीशेजारी बसवा आणि वाटीभर नखुल्या वळायला लावा. अंगठा दुखला, की आजीचे कष्ट आपोआप कळतील. मग त्या वाळवून, उकडून याच चीजच्या रश्श्यात घाला. किती वेळ शिजवायच्या, ते आजी सांगेल. पहिली वाटी मात्र तिलाच द्यायची हं!

कशा झाल्या ते कळवाल ना?