कापसाची परिषद कापसाच्या मुलखात घ्या

आंतरराष्ट्रीय कापूस सल्लागार समितीची ८१ वी सर्वसाधारण बैठक २ ते ५ डिसेंबर २०२३ या काळात मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटरमध्ये झाली. ही समिती १९३९ सालची, मुख्यालय वॉशिंग्टनला. या बैठकीचं यजमानपद भारताला मिळालं याचा आनंद आम्हालाही झाला. पण त्याच सुमारास विदर्भात अवकाळी पावसानं वेचणीला आलेला कापूस भिजवला होता आणि शेतकरी तो वाळवत बसला होता. चर्चा एकीकडे, कापूस दुसरीकडे.

मी वऱ्हाडातल्या नांदुऱ्यात जिनिंगवर कापूस पाहण्याचं काम करतो. गाडी आली की ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, आतला पुंजका काढून ओल बघायची, कवडी म्हणजे किडका कापूस किती, पाचोळा किती ते बघायचं आणि मग भाव बोलायचा. या कामामुळे माझं एक मत पक्कं झालंय: अशा परिषदेचे निदान दोन दिवस वऱ्हाडात झाले पाहिजेत.

कारण सांगतो. आपल्या कापसात कचरा असतो, ही परदेशी गिरण्यांची जुनी तक्रार. तिच्यावर उतारा म्हणून सरकारनं ‘कस्तुरी कॉटन भारत’ हा ब्रँड आणला. क्यूआर कोडवरून गाठ कुठली ते कळतं. चांगलंच आहे. पण कचरा येतो कुठून? वेचणारी बाई कमरेच्या ओटीत कापूस वेचते आणि ओटी भरली की खताच्या जुन्या प्लॅस्टिकच्या पोत्यात रिकामी करते. उन्हानं पोतं विरतं, त्याचे दोरे सुटतात. जिनिंगच्या रेच्यात त्यांचे बारीक तुकडे होऊन रुईत मिसळतात. पुढे कापड रंगवताना त्या दोऱ्याला रंग धरत नाही आणि अख्खा तागा नापास होतो. उपाय साधा, सुती पोतं. पण ते विकत कुणी घ्यायचं? मजुरी किलोवर असताना बाईनं पाचोळा वगळून सावकाश का वेचावं? याचं उत्तर त्या बाईला आणि तिच्या शेतमालकाला विचारावं लागेल. परिषदेचा बिल्ला त्यांच्या गळ्यात कधी पडत नाही.

‘एवढी माणसं तिकडं कशी न्यायची?’ असं कुणी म्हणेल. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावला आले होते, जलंब-खामगाव रेल्वेच्या उद्घाटनाला. अमेरिकेतल्या यादवी युद्धात मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाडावर साहेबाची नजर होती. गरज होती तेव्हा सत्ता रूळ टाकून इथं आली. आज नांदुरा मुंबई-हावडा मार्गावर आहे. संध्याकाळी मुंबईहून निघालेला माणूस पहाटेपर्यंत इथं उतरतो. पंचतारांकित हॉटेल नाही, विमानतळही जवळ नाही, हे खरंच. पण शेजारच्या शेगावात गजानन महाराज संस्थान उत्सवाला येणाऱ्या अफाट गर्दीची राहण्या-जेवण्याची सोय शिस्तीत करतं. काहीशे पाहुण्यांसाठी आपल्याला हात टेकावे लागणार नाहीत.

अशा परिषदांत शेवटी बसमधून ‘क्षेत्रभेट’ उरकायची पद्धत असते. तिचा उपयोग फोटोपुरता. त्यापेक्षा उद्घाटन मुंबईत करा, मंत्र्यांची भाषणंही तिथंच होऊ द्या. मग एक दिवस शेतात आणि जिनिंगवर, एक दिवस चर्चेचा. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे आणि नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ सोबत असू द्या. परदेशी पाहुण्यांसाठी दुभाषे ठेवता, तसे मराठीसाठीही ठेवा. गुलाबी बोंडअळीवर प्रबंध वाचला जातो तेव्हा फवारणी करणाऱ्यालाही तो कळू द्या आणि त्याचे प्रश्न पाहुण्यांना ऐकू द्या.

तारखेचाही विचार व्हावा. डिसेंबर वाईट नाही, कापूस शेतातही असतो आणि जिनिंगवरही. फक्त शेतकऱ्याची त्या दिवसाची मजुरी बुडते, तेव्हा त्याला प्रतिनिधी म्हणून बोलवा आणि भत्ता द्या. बाकीच्यांचा प्रवासखर्च कुणीतरी देतंच.

केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाला विनंती एवढीच: पुढचं यजमानपद मिळेल तेव्हा खर्चाच्या अंदाजपत्रकात वऱ्हाडातल्या दोन दिवसांची तरतूद आधी करा, सभागृहाचं भाडं नंतर ठरवा.