जुन्या मोटारसायकलचे मोल

घसारा ही संकल्पना वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला प्रारंभीच शिकविली जाते. घटत्या शिल्लक पद्धतीने दरवर्षी १५ टक्के घसारा धरला, तर दहा हजार रुपयांच्या मोटारसायकलचे पुस्तकी मूल्य ५० वर्षांनंतर सुमारे ३ रुपये उरते. प्रत्यक्षात बेंगळुरूमध्ये अशाच गाड्या आजही मोठ्या दिमाखात धावताना दिसतात. जुलैच्या दुसऱ्या रविवारी साजऱ्या होणाऱ्या आंतरराष्ट्रीय जावा दिनी तर त्यांचा मेळाच भरतो. मग चूक हिशेबाची की आपल्या मोजपट्टीची?

येथील जावाप्रेमाचे मूळ जवळच, म्हैसूरला आहे. तेथील ‘आयडियल जावा’ कारखान्यात १९६१ पासून चेकोस्लोव्हाकियाच्या सहकार्याने २५० सी.सी.च्या जावा तयार होऊ लागल्या. सत्तरच्या दशकात त्यांचे नाव ‘येझदी’ झाले. किक मारण्याचा दांडाच पुढे वळवून गिअरसाठी वापरायचा, ही तिची खासियत. पुढे कमी पेट्रोल पिणाऱ्या फोर-स्ट्रोक गाड्या आल्या, प्रदूषणाचे निकष कडक झाले आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. ‘जावा’ व ‘येझदी’ ही नावे अनुक्रमे २०१८ व २०२२ मध्ये नव्या गाड्यांवर परतली. परंतु जुन्या गाडीला जिवंत ठेवणारे हात वेगळे आहेत.

माझे स्पष्ट मत असे की, जुनी गाडी जपणे म्हणजे ती चालती ठेवणे. यात भावनेपेक्षा यंत्रशास्त्र अधिक आहे. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या बेअरिंगला वंगण मिळते ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑइलमधून. गाडी वर्षानुवर्षे उभी राहिली की तेथे गंज धरतो, ऑइल सील कडक होतात, कार्बुरेटरमध्ये पेट्रोलचा चिकट थर साचतो. वरून क्रोम कितीही चमकविले, तरी आतील झीज थांबत नाही. शिवाय गाड्या धावल्या तरच शिवाजीनगरच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजाराला गिऱ्हाईक मिळेल आणि केवळ आवाजावरून दोष ओळखणाऱ्या वयस्क मेकॅनिकच्या हाताखाली एखादा तरुण शिकेल. ही विद्या कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. मात्र एकदा गेली की पैसे मोजूनही परत मिळत नाही.

या दृष्टीने २०२१ चे केंद्रीय नियम समजून घ्यावेत. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील वाहनाची ‘विंटेज’ म्हणून नोंदणी करता येते. तथापि असे वाहन प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल यांसाठीच रस्त्यावर आणता येते. नित्याच्या वापरास ते नाही. संग्राहकाला हे सोयीचे आहे. ज्याला गाडी रोज चालवायची आहे, त्याने मात्र कर्नाटकात पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी होणारे नेहमीच्या नोंदणीचे नूतनीकरणच करून घेणे मला अधिक योग्य वाटते.

बँकेतील माणूस म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी कागदपत्रे पाहावीत. इंजिन व चासीचे क्रमांक आर. सी. बुकाशी जुळतात का, हे तपासावे. वडिलांनी त्या काळी कर्ज काढून घेतलेल्या गाडीवर, कर्ज कधीच फिटलेले असूनही, बँकेच्या नजरगहाणाची नोंद तशीच राहिलेली असू शकते. ती उतरविण्यासाठी नमुना ३५ वर बँकेची सही लागते. मालक हयात नसल्यास वारसाच्या नावे हस्तांतरणाचा अर्ज नमुना ३१ मध्ये करावा लागतो. हे न करता लाखभर रुपये ओतले, तर हाती येते ती रस्त्यावर नेता न येणारी शोभेची वस्तू.

खर्चाबाबतही विवेक हवा. छंदासाठी वैयक्तिक कर्ज काढण्याऐवजी आवर्ती ठेवीत रक्कम साठवावी. आधी ब्रेक, टायर व वायरिंग, मग इंजिन आणि सर्वांत शेवटी रंग व क्रोम, असा क्रम ठेवावा. घाई नसेल तर योग्य सुटा भागही रास्त दरात मिळतो.

घरातील जुनी गाडी भंगारात देण्यापूर्वी वाचकांनी तिचे आर. सी. बुक एकदा उघडून पाहावे आणि एखाद्या जाणत्या मेकॅनिकला ती दाखवावी, एवढीच विनंती. ३ रुपयांच्या पलीकडचा हिशेब त्यानंतरच मांडता येईल.